कोंडाबाईची घासलेली भांडी

कोंडाबाई भामावर जळायची, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. चिक्कडपल्लीत एकाच मालकाच्या समोरासमोरच्या दोन खोल्यांत दोघी एकट्या राहायच्या. दोघींचा अर्धा किराया मराठी मंडळ भरायचं. पण मंडळाची माणसं वर्षाला एकदा पाहणीला आली की चहाला टेकायची ती भामाकडेच. एवढं काय आहे त्या बयेत? कोंडाबाईनं दोन वर्षांपासून तिच्याशी बोलणंच टाकलं होतं.

यंदा देणग्या आटल्या. दोघींपैकी एकीचीच मदत चालू राहील, असा निरोप आला. झालं! कोठी भागातल्या दवाखान्यात आयाचं काम करणाऱ्या कोंडाबाईनं दोन दिवस रजा टाकली. चिंच लावून पितळी भांडी घासली, गीताकडून, म्हणजे भाचीकडून, नवी चादर आणि पंखा उसना आणला. मंडळी आली, चहा प्याली, घर कसं लखलखतंय म्हणाली. समोर भामाच्या दारातली फाटकी चटई बघून कोंडाबाईला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

आठवड्यानं पत्र आलं. कोंडाबाईंचं बरं चाललं आहे, सबब त्यांची मदत बंद. भामाची चालू.

आयाच्या पगारात पूर्ण किराया कुठून निघणार? मालकानं महिनाभर वाट पाहिली आणि खोली दुसऱ्याला दिली. गीताच्या घरात आधीच सहा माणसं. कोंडाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात, पेशंटांच्या नातेवाइकांत पथारी टाकू लागली. खोली सोडताना बांधलेलं भांड्यांचं पोतं भामानं आपणहून सांभाळायला उचलून नेलं होतं, आणि घर गेल्यापेक्षाही याचीच तिला जास्त चीड आली.

रविवारी ती तांब्या न्यायला भामाकडे गेली. तो काळवंडलेला बघून तिचं डोकंच फिरलं. तिथंच मोरीत बसून चिंच लावायला लागली, तसा भामानं तिचा हात धरला.

"नको घासू, अक्का. पुढच्या वर्षी मंडळाची माणसं परत येतील. पाहणीच्या आदल्या दिवशी माझीपण चांगली भांडी मी पोत्यात बांधून ठेवते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते की. तू बोलत होतीस कुठं माझ्याशी?"

कोंडाबाईनं दाराकडे मान वळवली. दारातून समोर तिची खोली दिसत होती. नव्या भाडेकरूनं तिथं निळा पडदा लावला होता. एका कप चहापायी घालवली मी ती, असं ती हळूच म्हणाली, आणि तांब्या अर्धा घासलेलाच खाली ठेवला.