तारीख नसलेली पाटी

अंजनी गजभियेला मी पहिल्यांदा पाहिलं ते हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी शाळेच्या वाचनालयात. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ती तारखांची चिठ्ठी चिकटवत होती. डिंकाचं बोट ती फडक्याच्या एकाच कोपऱ्याला पुसायची. बाकीचं फडकं संध्याकाळपर्यंत स्वच्छ राहायचं. मी तिथे मराठी शिकवत असे.

पुढे शाळेतली मुलं कमी झाली, वाचनालयाला कुलूप लागलं आणि अंजनीची नोकरी गेली. नवरा बालाघाटला सरकारी नोकरीत, महिन्यातून एकदा घरी यायचा. २००७ साली तिनं विजय नगरात मोठ्या दिरांच्या, बाबारावांच्या, घराखालचं शटर, म्हणजे दुकानाचा गाळा, भाड्यानं घेतलं आणि टीव्हीला जोडायच्या यंत्रावर खेळायच्या गेमच्या डिस्क विकायला सुरुवात केली. मी चकितच झालो. ती म्हणाली, "सर, पुस्तकाचंच काम आहे. लोकं नेतात, संपवतात, आणतात."

तिचं दुकान खरोखरच वाचनालयासारखं चाले. सीलबंद नवी डिस्क महाग असायची. पगारदार माणूस ती घ्यायचा, आठ-दहा दिवसांत कथा संपवायचा, ती परत देऊन त्याच पैशांत थोडी भर घालून दुसरी न्यायचा. दर सप्टेंबरात फुटबॉलचा नवा गेम आला की मागच्या वर्षीचे फुटबॉल एकामागून एक परत यायचे. प्रत्येक डब्यात अंजनीनं एक चिठ्ठी ठेवली होती: कोणी नेली, कधी आणली. चिठ्ठ्या आखून द्यायला मी रविवारी चेरीतालच्या माझ्या घरून दुकानात जात असे.

दुकानावरची पाटीही माझ्याच अक्षरात होती: "यहाँ से खरीदी हुई डिस्क यहीं आधे दाम में वापस ली जाएगी।"

"किती दिवसांत, ते लिहू ना?" मी तेव्हा विचारलं होतं.

"आपल्या वाचनालयात कोणी दहा वर्षांनी पुस्तक आणलं असतं, तर आपण नाही म्हटलं असतं का?"

मला ते इतकं पटलं की मी ब्रश धुऊन टाकला.

२०१३च्या जूनमधला दुसरा रविवार. मी अकराच्या सुमारास पोचलो, तर दुकानासमोर स्कूटर-मोटारसायकली आडव्यातिडव्या लागलेल्या. आत पाय ठेवायला जागा नाही. कूलर चालू होता, पण त्याची हवा पहिल्या चार माणसांपलीकडे जात नव्हती. प्रत्येकाच्या हातात डिस्क होत्या. घ्यायला कोणीच आलेलं नव्हतं.

झालं होतं असं. एका मोठ्या परदेशी कंपनीनं गेम खेळायच्या नव्या यंत्राची घोषणा केली होती. त्यात डिस्क एकाच्या नावावर चढली की ती दुसऱ्याला सहज विकता येणार नव्हती. यंत्र अजून बाजारात यायचं होतं, आपल्याकडे तर त्याचा पत्ताच नव्हता. पण विजय नगरात पोचेपर्यंत बातमी एवढीच उरली होती की जुन्या डिस्क आता कवडीमोल होणार. मग ज्याला त्याला पाटी आठवली.

सगळ्यांत पुढे शालिग्राम. रेल्वेत तिकीट तपासनीस, उंच, आवाज फलाटावर कमावलेला.

"दीदी, ये चार रख लो. आधा दाम दे दो."

अंजनीनं चिठ्ठी काढून पाहिली. "भैया, ये तो आपने दो हजार नौ में ली थी."

"बोर्ड पे तारीख लिखी है क्या?"

मागून कोणीतरी हसलं. "टीसी साहब से मत उलझो दीदी, बिना टिकट आप ही निकलोगी!"

अंजनी हसली नाही. तिनं चिठ्ठीवर परतीची तारीख टाकली आणि गल्ल्यातून पैसे काढून दिले. चार वर्षं जुन्या फुटबॉलला बाजारात कोणी चहाचे पैसे दिले नसते. त्या गल्ल्यात काय होतं ते मला ठाऊक होतं. सप्टेंबरच्या सीलबंद मालासाठी सोमवारी नागपूरच्या व्यापाऱ्याला पाठवायची रक्कम होती ती. ती गेली तर हंगाम जाणार होता, आणि हंगामाशिवाय ते दुकान वर्ष काढू शकलं नसतं.

गोंगाट ऐकून बाबाराव वरून खाली आले. तीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस. सरळ उभा राहून बोलायचा.

"काय लावून ठेवलं हे, अंजनी?"

"लोकं डिस्क परत करून राहिले, भाऊजी."

"अन् तू घेऊन राहिली?" त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तर, तारीख काहून नाही टाकली तुम्ही?"

बाबाराव वर गेले आणि खिडकीच्या गजांना लावून उरलेल्या काळ्या रंगाचा डबा नि ब्रश घेऊन आले.

"लिहा. पंद्रह दिन के भीतर. खाली जागा आहे." मग आवाज थोडा उतरवून अंजनीला म्हणाले, "मोबाइलवाला मागून राहिला हे शटर. गल्ला असा रिकामा केला तर एक तारखेपासून त्याला देतो. मंग म्हणू नको, भाऊजींनी सांगितलं नाही."

शालिग्राम नोटा मोजायचा थांबला. मी स्टुलावर चढलो, ब्रश रंगात बुडवला. मला वाटत होतं, चूक माझी, तर दुरुस्तीही माझीच.

"सर, खाली उतरा," अंजनी म्हणाली.

"अगं, पण..."

"अक्षर तुमचं आहे, बोलणं माझं. आज लिहाल ते उद्या घेणाऱ्याला लागेल. यांनी घेतली तेव्हा तिथे काहीच नव्हतं."

ब्रशवरून एक थेंब माझ्या चपलेवर पडला. मी उतरलो. बाबाराव डबा तिथेच ठेवून जिना चढले.

अडीच वाजता गल्ला रिकामा झाला. अकरा माणसं रांगेत होती. अंजनीनं दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि आत नजर फिरवली. कोपऱ्यात सुनेत्रा उभी होती. ती बँकेत अधिकारी. मोटारींच्या शर्यतीचे गेम न्यायची.

"सुनेत्राताई, तुम्ही दुकानातलं गेमचं मशीन मागत होत्या ना? टीव्हीसकट घेऊन जा. आत्ताच पैसे द्यायचे मात्र."

"अंजनी, मग घेण्याआधी लोक खेळून कशावर बघतील?"

"घेणारं कोणी राहिलं तर पाहू."

सुनेत्रा एटीएमकडे गेली. अंजनीनं यंत्राच्या तारा काढून एकेक गुंडाळायला घेतली. शालिग्राम पैसे खिशात घालूनही दाराला टेकून उभाच होता.

"इतना कबाड़ क्या करोगी, दीदी?"

"आप बताओ. सितंबर में नया फुटबॉल लोगे?"

"वो तो पुराना बेच के लेता था. अब बिकेगा नहीं तो..." तो थांबला.

"तो?"

"तो नहीं लूँगा."

"आप नहीं लोगे. ये भैया नहीं लेंगे, पीछे वाले भी नहीं लेंगे. फिर कंपनी अपनी मशीन बेचेगी किसको?" तिनं तारेची गाठ मारली. "छह साल से चिट्ठी लिख रही हूँ. जो चीज़ वापस नहीं बिकती, वो आप लोग उठाते ही नहीं."

रांगेतले दोघे एकमेकांकडे पाहून डिस्क पिशवीत टाकून निघून गेले. उरलेल्या नऊ जणांना सुनेत्राच्या पैशांतून अर्धी किंमत मिळाली. शेवटचा माणूस गेल्यावर अंजनीनं रिकाम्या टीव्हीच्या जागेवरची धूळ पुसली, फडक्याच्या एकाच कोपऱ्यानं.

पुढचे दहा दिवस मला झोप आली नाही. सोमवारी नागपूरला काही गेलं नाही. मी रोज जात होतो. दुकानात आम्ही दोघं आणि साडेतीनशेच्या वर डिस्क. बुधवारी मोबाइलवाला आला आणि बाबारावांच्या देखत टेप लावून भिंती मोजून गेला. टेपचं एक टोक धरायला त्यानं अंजनीलाच सांगितलं. तिनं धरलं.

"तुला भीती नाही वाटत?" त्यानंतर मी विचारलं.

"वाटते ना, सर. काल रात्री भाजीत दोनदा मीठ टाकलं."

अकराव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, ड्यूटीवरून परतताना शालिग्राम काळ्या कोटातच आत आला.

"दीदी, कंपनी पलट गई!"

यंत्र विकायला यायच्या आधीच कंपनीनं ती अट मागे घेतली होती. जगभरच्या खेळणाऱ्यांनी असं यंत्र घेणारच नाही म्हणून इतका गोंधळ घातला की तिला दुसरा मार्ग राहिला नाही. शालिग्रामनं खिशातून नोटा काढल्या. "मेरी चारों वापस दे दो. कितने में दोगी?"

अंजनीनं डब्यावरची किंमत दाखवली. ती अर्ध्याहून बरीच वर होती.

"अरे! ये तो लूट है."

"टीसी साहब, जुर्माना तो लगेगा."

तो इतक्या मोठ्यानं हसला की बाबाराव जिन्यात येऊन उभे राहिले. डिस्क पुन्हा विकता येणार हे कळताच त्या आठवड्यात निम्मे लोक आपापल्या डिस्क न्यायला परत आले. शहरात एवढ्या जुन्या डिस्क दुसऱ्या कोणाकडे नव्हत्याच. नागपूरची रक्कम उशिरा का होईना गेली, आणि एक तारखेला अंजनीनं वर जाऊन भाडं दिलं. बाबारावांनी ते घेतलं आणि रंगाचा डबा न्यायला खाली आले. पाटीबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत.

दुकान पुढे नऊ वर्षं चाललं. मग नेट स्वस्त झालं. तेच लोक सवलतीची वाट पाहून घरबसल्या गेम उतरवून घेऊ लागले, आणि डिस्क न लागणारं यंत्र त्यांनी हसतमुखानं विकत घेतलं. असा उतरवलेला गेम परत विकता येत नाही याची आता कोणाला आठवणही नव्हती. २०२२ मध्ये शटर शेवटी मोबाइलवाल्याकडेच गेलं. मला राग आला होता. अंजनीला नाही.

"लोकं जे घेत नाही ते बंद पडते, सर. तेव्हा ते आपल्या बाजूनं झालं, एवढंच."

पाटी तिनं आपल्या घरी नेली आणि ओसरीत लावली. मागच्या दिवाळीनंतर मी तिथे चहा पीत असताना कटनीहून एक बाई पत्ता विचारत आल्या. भावाच्या सामानात डिस्कचा डबा सापडला होता, झाकण तुटलेलं. अंजनीनं आतली चिठ्ठी काढली. तिचंच अक्षर, २०११, एकच नाव. तिनं आतून पर्स आणली आणि अर्धी किंमत त्या बाईंच्या हातात ठेवली. बाई संकोचल्या, पाटीकडे पाहत राहिल्या, मग गेल्या.

अंजनीनं पेन शोधलं आणि चिठ्ठीवर त्या दिवसाची तारीख लिहिली.

"पाहा सर," ती म्हणाली, "तारीख इथे लागते."