काचेच्या दोन बाजू

ऐन वैशाखातली दुपार आहे आणि माझ्या शेजारच्या टेबलावर वैदेहीताई शाल पांघरून टाइप करताहेत. आमच्या संकुलातल्या सगळ्या इमारतींना एकाच ठिकाणाहून, जमिनीखालच्या पाइपांतून, गार पाणी येतं आणि त्यावर एसी चालतात. थंडी कमी करायचं बटण मात्र कुणाच्याच हाताशी नाही.

मी तक्रार केली तेव्हा तिथला इंजिनिअर वैतागून म्हणाला, "मॅडम, गरजेपेक्षा जास्त सोडलेलं पाणी जवळजवळ जातं तसंच गार परत येतं. कुणाची फारशी उष्णता घेतच नाही ते. नुसते पंप फिरताहेत, वीज जळतेय. पाणी कमी सोडू या, असं मी कधीचा सांगतोय."

"मग?"

"वरचे म्हणतात, मोठं ऑफिस गारच वाटलं पाहिजे."

तेव्हापासून ते पाणी डोक्यातून जात नाही. एवढ्या खटाटोपानं गार केलेलं, इतक्या लांब आलेलं, आणि कुणाच्या कामी न येता परतणारं. जिथं उकाडा आहे तिथं त्याचा पाइप जातच नाही.

मघाशी बोटं आखडली म्हणून आमच्या तळमजल्याच्या खिडकीच्या काचेवर तळवे टेकवले. सावलीतली असूनही काच कोमट लागली. तेवढ्यात बाहेरचा वॉचमन जवळ आला. त्या बाजूनं काच आरशासारखी, त्यामुळे मी त्याला दिसले नसणार. त्यानं टोपी काढली आणि घामेजलेला गाल गारव्यासाठी काचेला लावला, अगदी माझ्या तळव्यासमोर. मी हात हलवला नाही.

थोड्या वेळानं तो टोपी घालून उन्हात गेला. काचेवर त्याच्या घामाचा डाग राहिला. मला तो आतून पुसता येणार नव्हता.