रेघेखाली माझं नाव

"आई, कुसुमबाई गेल्या वं," प्राची फोनवर म्हणाली आणि रडायलाच लागली. मी ब्रह्मपुरीच्या बाजारात वांगी निवडत उभी होते. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "तुले कुठून कळलं?" रडता रडता पोरीनं नीट उत्तर दिलं. बाईंच्या भावाचा फोन आला होता, तो दवाखान्यातच होता, आत्ताच सांगितलं त्यानं. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की तो प्रश्न माझा नव्हताच. तो कुसुमचा होता. बाईनं जाता जाताही स्वतःचा प्रश्न माझ्याच तोंडून वदवून घेतला होता. आणि दुसरी गोष्ट लगेच खुपली. भावानं आधी फोन केला तो माझ्या मुलीला. मी तिची डी.एड.पासूनची मैत्रीण, शेजारच्या क्वार्टरमध्ये कित्येक वर्षं राहिलेली, आणि मला बातमी कळते ती नागपूरला शिकणाऱ्या पोरीकडून! मैत्रीण गेल्याचं दुःख यायच्या आधी माझ्या पोटात हे दुखलं. खोटं कशाला सांगू...

आम्ही दोघी ब्रह्मपुरीला डी.एड.ला एका बाकावर बसायचो. मी इथलीच, धानवाल्या घरातली, वळणदार अक्षराची, वक्तृत्वाच्या ढाली घरात रांगेनं लावलेल्या. ती आलापल्लीच्याही पुढच्या जंगलातल्या गावची, गोंड घरातली. अक्षर असं की तिचं तिलाच वाचता यायचं नाही. डबा कधी आणायची नाही आणि माझ्या डब्यातला अर्धा हक्कानं खायची. सरावपाठाच्या दिवशी माझं फलकलेखन बघायला बाजूच्या वर्गातल्या मुली यायच्या. सरांनी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं की पाठ असावा तर वंदनाचा. मी हवेत होते. पण शाळा सुटली तेव्हा सरावशाळेची पोरं कुसुमच्या मागं मागं बसस्टँडपर्यंत गेली. काहीतरी विचारत होती, भांडत होती, आणि ती त्यांच्याशी त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात भांडत होती. मी ढाल मिळालेल्या माणसासारखी एकटीच रस्त्याच्या कडेनं चालले. तेव्हापासून जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही.

पुढे नशिबानं आम्हाला एकाच शाळेत आणून टाकलं. आलापल्लीच्या पुढं, रस्त्याला लागून असलेलं गाव, आठवीपर्यंतची शाळा, आणि मागच्या बाजूला भिंतीला भिंत लागून आमच्या क्वार्टर. माझ्याकडे आठवीचं मराठी, तिच्याकडे सातवीचं. निबंध ही माझी जहागीर होती. सुरुवात कशी खुलवायची, मध्ये सुविचार कुठे पेरायचा, शेवटी वाचणाऱ्याचा गळा कसा भरून आणायचा, हे मी पोरांकडून घोटून घ्यायचे. तालुक्याच्या स्पर्धेत आमच्या शाळेचं नाव लागायचं ते माझ्यामुळे. मग कुसुमनं सातवीत नवीनच खूळ काढलं. निबंध लिहायचा म्हणजे बाजू मांडायची. आधी एका वाक्यात सांगायचं की आपण कुठल्या बाजूचे. मग समोरच्या बाजूची सगळ्यात वजनदार गोष्ट लिहायची, लपवायची नाही. मग आपली कारणं. आणि पानाच्या खाली एक रेघ मारून रेघेखाली प्रत्येक कारणाचा आधार. पुस्तक असेल तर नाव आणि पान. माणूस असेल तर नाव, गाव, आणि कुठे बसून सांगितलं ते. तिच्या वर्गातल्या फळ्यावर खालचा वीतभर भाग रेघ मारून कायम मोकळा असायचा. धडा कितीही लांबला तरी त्या रेघेखाली दुसरं काही लिहायची कोणाची हिंमत नव्हती.

विषय तिनं निवडला तोही असा की अख्खं गाव त्यात ओढलं गेलं. उन्हाळा लागला की आमच्याकडे सकाळची शाळा सुरू होते. आणि नेमकी तेव्हाच मोहफुलं पडायला लागतात. मोह पहाटे पडतो. उन्हं चढायच्या आत वेचला नाही तर गुरं खातात, जनावरं खातात. घरातली सगळी माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली, पोरंसुद्धा, आणि इकडे शाळेची घंटा वाजते रिकाम्या बाकांसमोर. तर विषय होता, मोहाच्या दिवसांत शाळा सकाळची असावी की दुपारची? पोरं गावभर हिंडायला लागली. आजीला विचार, वनरक्षकाला विचार, किराणावाल्याला विचार. संध्याकाळी पाणी भरायला गेलं तरी कोणी ना कोणी वही घेऊन उभं. "बाई, तुम्ही कोणत्या बाजूच्या? काऊन?" मला हसूही यायचं आणि चीडही.

सोनी नावाची मुलगी सकाळच्या शाळेच्या बाजूची होती. तिचं म्हणणं, पोरं शाळेत असली तर पहाटे जंगलात जाणार नाहीत, कारण मोहाखाली अस्वल येतं. आणि रेघेखाली तिनं आधार लिहिला होता : अस्वल. गाव : नाल्यापलीकडे. मी स्टाफरूममध्ये पोट धरून हसले. कुसुम हसली नाही. ती सोनीला घेऊन नाल्याकडे निघाली आणि मलाही ओढून नेलं. झाडाखाली पोचलो तर म्हशी तुडवून गेलेल्या. अस्वलाच्या पंजाचा मागमूस नाही.

"आता?" कुसुमनं विचारलं.

"होता बाई. म्या पाह्यला," सोनी रडवेली झाली.

"तू पाह्यला ना? मंग आधार अस्वल नाई, तू आहे. तुझं नाव लिही. पाह्यलं असं लिही. कोणी विचारलं तं छाती काढून सांग."

परत येताना सोनी आमच्या पुढं उड्या मारत चालली होती. मी मनात म्हटलं, इतकी वर्षं मी पोरांना सुविचार पाठ करायला लावते, एकीनं तरी असं चालावं ना. कुसुमच्या चपलेचा पट्टा तुटला होता आणि ती चप्पल हातात घेऊन आरामात चालत होती. तिला काही कळलंच नसेल असं मला तेव्हा वाटायचं.

प्राची सातवीत गेली आणि हे खूळ माझ्या घरात शिरलं. जेवताना मी म्हटलं, रात्री दही खाऊ नये, तर ही विचारते, "तुले कुठून कळलं?" मी म्हटलं, आजी सांगायची. "आजीले कुठून कळलं?" नवरा ताटात तोंड घालून हसत होता. मोहाच्या निबंधात ती दुपारच्या शाळेच्या बाजूची. त्यासाठी पोरगी घरोघर गेली, सोनीच्या आजीजवळ चुलीपाशी बसली, हेडमास्तरांच्या केबिनमध्ये जाऊन आली. माझ्याकडे मात्र फिरकली नाही. मी त्या शाळेतली मराठीची शिक्षिका, शेजारच्या खोलीत बसलेली! शेवटी मीच विचारलं. ती सहज म्हणाली, "आई, तू नाई चालत. घरचं माणूस आपल्याच बाजूनं बोलते, असं बाई म्हणतात."

मी तशीच उठले आणि कुसुमच्या अंगणात गेले. ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, माझ्या पोरीला माझ्याविरुद्ध शिकवतेस काय? तिनं सूप खाली ठेवलं. "विरुद्ध कशाले? तुले प्राचीचं सगळंच बरोबर वाटते. मंग तुझ्या हो म्हणण्याले वजन काय राह्यलं?" मग म्हणाली, "हेडमास्तरायचंच पाह्य. त्यायले दुपारची शाळा पायजेच नाई. पण पोरीनं नीट विचारलं तं त्यायनं कबूल केलं, मोहाच्या दिवसांत अर्धे बाक खाली राहतात म्हणून. जो आपल्या बाजूचा नाई, त्यानं आपलं म्हणणं कबूल केलं, तं त्याच्याहून पक्का आधार नाई वंदना." आणि पुन्हा सूप उचलून पाखडायला लागली. कोंडा माझ्याच अंगावर उडाला.

त्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेला आमच्या शाळेतून दोन निबंध गेले. माझ्या आठवीतल्या मुलाचा 'मोहाचे झाड बोलू लागले तर', आणि सातवीतून प्राचीचा, रेघेसकट, आधारांसकट. माझा पहिला आला. प्राचीचा शेवटी. परीक्षकांनी शेरा दिला होता की सगळी मतं दुसऱ्यांची आहेत, स्वतःची कल्पनाशक्ती दिसत नाही. म्हणजे पोरीनं इमानदारीनं कोणाकडून काय घेतलं ते लिहिलं, आणि नेमकं त्यालाच त्यांनी नक्कल समजलं. प्राची दोन दिवस नीट जेवली नाही. मी तिची समजूत काढत होते आणि आतून मला गुदगुल्या होत होत्या. स्वतःच्या पोटच्या पोरीचा निबंध शेवटी आला आणि मी खूश होते, कारण तो खरा कुसुमचा होता. मी पेढे वाटले. कुसुमनं दोन उचलले, तोंडात टाकले आणि माझ्या विजेत्या विद्यार्थ्याला विचारलं, "झाड बोललं ते कोणाले बोललं रे? तुले का?" तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. पेढा संपवून ती वर्गावर निघून गेली.

ढाल हेडमास्तरांच्या केबिनमध्ये लागली. पण पुढच्या पालकसभेत प्राचीचा निबंध मोठ्यानं वाचला गेला. कोणाचं नाव आलं की तो माणूस सभेत मान डोलवायचा, हो, मीच सांगितलं होतं म्हणून. सोनीची आजी तर उभीच राहिली. हेडमास्तरांचं नाव आलं तेव्हा सगळे त्यांच्याकडे वळले, आणि त्यांना खाली बघून हसावं लागलं. शाळेच्या समितीनं ठरवलं की मोह पडतो तोवर सकाळची शाळा लावायची नाही. अस्वलाचं म्हणणंही नोंदवलं गेलं, सोनीच्या नावानं, आणि पोरांनी एकटं झाडाखाली जायचं नाही असंही ठरलं. त्या वर्षी मोहाच्या दिवसांत दुपारी शाळा भरली, आणि बाक भरलेले होते. माझ्या निबंधानं ढाल आणली. तिच्या निबंधानं घंटा हलवली. मी घंटेचा आवाज ऐकायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

नंतर माझी बदली ब्रह्मपुरीला झाली. तिनं बदली कधी मागितलीच नाही. शेवटची भेट झाली ती चंद्रपूरच्या दवाखान्यात, पावसाळा सरता सरता. अंगात काही राहिलं नव्हतं, पण माझा डबा उघडून आधी वास घेतला तिनं. दोन घास खाल्ले आणि बाजूला ठेवला. डब्यातला स्वतःचा अर्धा वाटा तिनं मागे ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग उशीला टेकून म्हणाली, "मी गेल्यावर पेपरवाले कोणाले तरी लिहाले सांगतीन. प्राचीले नको लिहू देऊ. ते माझ्या बाजूची आहे. तू लिही."

"मीच काऊन?"

"तुले लिहाचं मन नाई होणार, म्हणून." आणि ती हसली. हसताना खोकला आला, मी पाणी दिलं.

परतीच्या बसमध्ये मी संतापले होते. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! बसस्टँडपासून, पेढ्यांपासून, नाल्यावरून येताना सुद्धा. ठाऊक असून माझा डबा खात राहिली, अंगणात बसून तांदूळ पाखडत राहिली, एकदाही मला तोंडावर पकडलं नाही. निदान एवढ्यात तरी ती माझ्यापेक्षा लहान निघायला हवी होती.

गावातल्या शोकसभेला मी गेले होते. भाषणं झाली. कोणी तिला देवी म्हटलं, कोणी ज्ञानाचा झरा. एकानंही सांगितलं नाही की आपण काय पाहिलं. मागच्या रांगेतून एक पोरगी दुसरीला हळूच म्हणाली, "यायले कुठून कळलं?" मला तिथेच हसू फुटलं आणि मग ते थांबेना, आणि शेजारच्या बाईनं मी रडते आहे असं समजून पाठीवर हात ठेवला. तिचंही फार चुकलं नव्हतं.

आता संपादकांचा निरोप येऊन गेला आहे आणि मी लिहायला बसले आहे. तिनं सांगितलं होतं तसंच. मन होत नाही. परवा वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मी खाली वीतभर जागा सोडून रेघ मारली, आणि माझी पोरं विचारायला लागली की बाई, इथी काय लिहाचं? मी रेघ पुसणार होते. पुसली नाही. त्या मोकळ्या जागेकडे बघत मला कळत होतं की एक वाक्य मी या सगळ्या वर्षांत कधी कोणाला बोलले नाही, नवऱ्याला नाही, प्राचीला नाही, तिला तर नाहीच. ते तिला माझ्याकडूनच हवं होतं. ती आता जिंकून बसली आहे आणि मला त्याचाही हेवा वाटतो आहे.

तर लिहिते. कुसुम माझ्यापेक्षा चांगली शिक्षिका होती.

खाली रेघ मारली आहे.

आधार : वंदना, मराठीची शिक्षिका, ब्रह्मपुरी. स्वतः पाहिलं. तिच्या बाजूची कधीच नव्हती.