पावावर भाकरीचा हात

मी पाव केलेत असं सांगितलं की नातसुना हसतात. पण खरंच केलेत, तेही पाचगणीत. मोठी लढाई चालू होती. आमचे मालक पलटणीत गेले आणि सासऱ्यांनी मला तिथल्या एका शाळेच्या भटारखान्यात कामाला धाडलं. निघताना सासूबाई म्हणाल्या, "पाव मळल्यालं हात आमच्या पाण्याला लावू नगंस." म्हणजे परतायची वाटही तशी बंदच झाली.

भट्टी एका म्हाताऱ्या चाचांच्या हाती होती. मैदा मळायचा, गोळे वळून ट्रेमध्ये मांडायचे, ते त्यांचं काम. पुढचं माझं. हे वळलेले गोळे भट्टीत जायच्या आधी शेवटचं फुगतात ना, तेव्हा त्यांना लय जपावं लागतं बघा. ओलं फडकं घालायचं, पण चिकटू द्यायचं नाही. दार लावून घ्यायचं, कारण थंड धुकं आत शिरलं की ते फुगायचेच थांबतात. बोट पिठात बुडवून हलकेच टेकवायचं. खळगा सावकाश भरून आला, की ट्रे भट्टीकडे न्यायचा, काठोकाठ भरलेली परात नेतात तसा. तोवर नुसतं बसायचं. बोलायला कुणी नाही. मग मी गोळ्यांशीच बोलायची, काय करणार!

खिडकीतून पोस्टमन दिसायचा. शाळेतल्या बाईंकडून मालकांना माझा पत्ता कळवून सहा महिने झाले होते, पत्र नव्हतं. एक दिवस तो माझ्याकडे न बघताच पुढं गेला. मी फडकं काढत होते. नजर राहिली रस्त्यावर आणि हात आपला चालायला लागला. भाकरीचा हात तो! थाप, थाप. चाचा आत आले तोवर सगळा ट्रे चपटा.

"अगं बेटी, हे पाव हायत का भाकऱ्या?"

मला रडूच फुटलं. वाटलं, आता हाकलणार. जायचं कुठं?

चाचांनी सगळं गोळा करून पुन्हा मळायला घेतलं. "पोरं जरा उशिरा खातील. पर तुझं पत्र येईना म्हणून त्यांचा पाव रोज बसवू नको, बस्स."

महिन्याभरानं पोस्टमननं दारातून हाक मारली. माझ्या हातात फुगलेला ट्रे. "ठेवा तिथं कट्ट्यावर," म्हटलं, आणि एकेक पाऊल टाकत भट्टीपर्यंत गेले. एकही पाव बसला नाही.

तेव्हा मला वाचता येत नव्हतं. पाव निघाल्यावर शाळेतल्या बाईंनी पत्र वाचून दाखवलं. बैलाची चौकशी, विहिरीच्या पाण्याची, वडलांच्या खोकल्याची. शेवटी होतं, 'इथं रोज पावच मिळतो. भाकरीची लय आठवण येते.'

बाईंनी पत्राची घडी केली.

"आणि?" मी विचारलं.

"एवढंच हो."

दुसऱ्या दिवशी गोळे फुगायला ठेवले, फडकं घातलं, दार लावलं आणि थापायला शिवशिवणारे दोन्ही हात पदराखाली घेऊन बसून राहिले.