घुग्घुसला शिवलेला क्राकोव्याक

घुग्घुसच्या बाजारात रंभाबाई बायकांचे कपडे शिवायची. नवरा लहानू खाणीत छत कोसळून गेला, त्याला आठ वर्षं झाली होती. तेव्हापासून मशीनवरच घर चाललं होतं.

१९८१च्या नोव्हेंबरात हलिनाबाई तिच्या दुकानी आली. तिचा नवरा पोलंडहून खाणीत यंत्रं बसवायला आलेला इंजिनियर. बाई दोन वर्षांत मोडकंतोडकं हिंदी शिकली होती. तिनं आपला जुना फोटो पुढं केला. फुलाफुलांचा घागरा, मणी जडवलेली काळ्या मखमलीची बंडी, गळ्यात पोवळ्यांच्या माळा. त्यांच्याकडच्या क्राकोव्याक नाचाचा हा वेश. नाताळला खाणीच्या कॉलनीत तीन जोड्या नाचणार होत्या.

रंभाबाईनं घागऱ्याला चार वार कापड सांगितलं. हलिनाबाईनं नकारार्थी मान हलवली आणि ओट्यावरच टाचा आपटत, घोड्याच्या दुडक्या चालीनं एक गिरकी घेतली. ठेका भलत्याच जागी पडत होता. रंभाबाईला उमगलं, एवढ्या गिरकीत घेर उडाला नाही तर पायच अडकेल; चार वार पुरायचं नाही. पुरुषांच्या पट्ट्याला पितळी कड्याही लावायच्या होत्या, उडीसरशी खुळखुळणाऱ्या.

"नाच में कपड़ा भी बाजा है," हलिनाबाई म्हणाली.

डिसेंबरच्या मध्याला रेडिओवर बातमी आली. पोलंडात रस्त्यांवर लष्कर उतरलं होतं. फोन बंद, पत्रं बंद. हलिनाबाईचा धाकटा भाऊ टोमेक तिकडं कोळशाच्या खाणीत होता आणि खाणकामगार संपावर होते. चार दिवसांनी कळलं की एका खाणीत गोळ्या चालल्या, माणसं मेली. नावं कोणी सांगितली नाहीत.

बंडी घालून पाहायला ती आली, तेव्हा बंडी दोन बोटं ढिली झाली होती.

"बाई, जेवून नाई राह्यल्या का?" रंभाबाईनं टाचण्या लावत विचारलं. "नाच बंद ठेवा ना."

"नहीं. टोमेक ने सिखाया. नाचूंगी."

नाताळच्या दुपारी कॉलनीच्या हॉलात रेकॉर्ड लागली. कड्या खुळखुळल्या, घागरे फुलले, लोकांनी टाळ्या धरल्या. दाराशी उभ्या रंभाबाईला मात्र हलिनाबाईचा चेहरा दिसत होता. पाय नाचत होते, चेहरा दगडाचा होता.

तेवढ्यात खाणीची जीप करकचून थांबली. ड्रायव्हर धावत आला, "साहेब, जल्दी!"

नाच जागीच थबकला. एक पंप बंद पडला होता, एवढंच. पण हलिनाबाईला वाटलं, टोमेकचीच खबर आली. ती फरशीवर बसली, भोवती घागरा पसरला. साहेबलोक नुसते पाहत राहिले. रंभाबाई आत गेली आणि तिच्याजवळ टेकली.

"मीबी अशीच बसली होती खाणीच्या तोंडाशी. तीन दिवस. कोणी नाव सांगे नाई."

हलिनाबाईला किती कळलं कोण जाणे. तिनं रंभाबाईचा हात सोडला नाही.

फेब्रुवारीत पत्र आलं, तिकडच्या सरकारनं फोडून पुन्हा चिकटवलेलं. टोमेक जिवंत होता, पण तुरुंगात होता. मार्चमध्ये इंजिनियरला मायदेशी बोलावणं आलं. "चिठ्ठी भेजूंगी," म्हणत हलिनाबाई गाडीत बसली.

रंभाबाई वर्षभर पोस्टमनला विचारत राहिली. चिठ्ठी आली नाही.