पुलावरचा दगड

सकाळपासून धुकं असं बसलं होतं, की समोरच्या इमारतीची गच्चीवरची टाकी तेवढी दिसत होती. अशा दमट हवेत प्लास्टर रुसून बसतं, म्हणून ती तासभर आधीच कामाच्या खोलीत आली. कालचे साचे दिव्याखाली मांडले आणि एका म्हाताऱ्या मास्तरांची कवळी घासायला घेतली. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, ही कवळ्या करून देते. सतरा वर्षं झाली. गल्लीत तिला दातवालीच म्हणतात. अगदी शेवटच्या दाढेमागं, जिथं घालणाऱ्याचीही नजर जायची नाही, तिथल्या गुलाबी हिरडीवरसुद्धा ती खऱ्यासारखे बारीक बारीक खड्डे पाडायची.

"कोण बघणार आहे गं ते?" दादा दारातून म्हणाला.

"जिभेला कळतं. आवरते, थांब."

दादा जहाजावर इंजिनाचा मिस्त्री. वर्षातून चार दिवस घरी. त्यातला आजचा शेवटचा. फळीवर सात महिने एक खोकं तसंच बंद होतं, त्यांच्या लाडक्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग. 'मी आल्याशिवाय हात लावलास तर बघ,' असं दादानं फोनवर बजावलं होतं.

पहिल्या भागानं दोघांना वेड लावलं होतं. बुद्धिबळासारखी घरं, दोघांची मिळून बारा जणांची फौज, एक चाल हिची, एक त्याची. पाऊस पडला की धनुष्याची दोरी सैल व्हायची, चिखलात घोडं अडायचं. मेला तो मेला, आणि जिथं पडला तिथं त्याच्या नावाचा दगड उभा राहायचा. यांनी शिपायांना नातेवाइकांची नावं दिली होती. भाला हातात असून दर लढाईत मागं सरकायचा तो मामा. आणि मोठी आत्या तिरंदाज.

एकदा दादा पाणी प्यायला उठला आणि हिनं घाईत त्याची पाळी संपवून टाकली. आत्या पुलावर एकटी राहिली. सात जणांना अडवून पडली. मागं जाऊन चाल बदलता आली असती, पण झालं ते झालं, असा दोघांचा नियम. दादा दोन दिवस बोलला नाही. खऱ्या आत्यानं मात्र ऐकल्यावर विचारलं, "पूल सोडला नाही ना मी?" आता तीही नाही.

दुपारी खोकं फुटलं. जुनी फौज ऑनलाइन खात्यातून आत आणता येत होती, तीही आणली. चित्रं झकपक, घोड्याचा केस न् केस सुटा. तिसऱ्या लढाईत मामा पडला, आणि लढाई संपताच कपडे झटकून उठला.

"हा काय, झोपला होता?" दादा म्हणाला.

"मामाच तो. सोंग घेतलं असेल."

दोघं हसली. मग तो पूल आला. स्वच्छ, धुतल्यासारखा. दगड नाही. आणि पुलाच्या तोंडाशी घोड्यावर बसून आत्या हसत होती.

दादानं हातातलं खाली ठेवलं. "बॅग भरायचीय अजून," म्हणाला.

खेळ गेला खड्ड्यात. पण पुढच्या वर्षी दादा 'खोकं जपून ठेव' असं म्हणणार नाही, एवढं तिला कळलं.

"बस तू," ती म्हणाली. कपाटातून जुनं मशीन काढलं, धूळ फुंकली, वायरी जोडल्या. आतली बॅटरी केव्हाच मेली होती, त्यामुळं मशीननं तारीख विचारली. दादानं उगाच आजची घातली. अकरा वर्षांनी पहिला भाग उघडला. ती पुलापर्यंत गेली आणि तिचा हात थांबला.

दगडावर शेवाळ चढलं होतं.

"हे नव्हतं," दादा कुजबुजला.

नव्हतंच. दगड एका बाजूला कललाही होता. फटीतून रोप उगवलं होतं, त्याला दोन पांढरी फुलं. आत्याचं नाव पावसानं झिजलेलं, पण वाचता येत होतं. खेळ मिटून ठेवलेला असतानाची वर्षंही त्या दगडानं मोजली होती. कुणीतरी, कुठल्या तरी खोलीत बसून, हे सगळं करून ठेवलं होतं.

"आपण परत येऊ हे त्याला काय माहीत?"

"नसेलच माहीत," ती म्हणाली. "तरी केलं बघ."

आई चहा घेऊन आली आणि कप हातातच धरून उभी राहिली. "ही वन्संची जागा का रे?"

"हो."

"छान आहे. पाणीबिणी वाहतंय खालून." आणि मग नेहमीच्या आवाजात, "चहा गार करू नका."

तिघांनी पडद्याकडं बघत चहा घेतला. कुणी चाल केली नाही.

"पुढच्या वर्षी रोप केवढं होईल गं?" दादानं विचारलं.

"तू आल्यावर बघू. तोवर मी हात लावत नाही."

दादा बॅग भरायला गेला. धुकं विरलं होतं, साचे सुकले होते. तिनं दिवा जवळ ओढला आणि मास्तरांच्या शेवटच्या दाढेमागची राहिलेली हिरडी टोचायला घेतली.