डबलच्या मानकऱ्यांची तोंडी परीक्षा

मंडळी, आज सकाळी सिंगापूरच्या चांगी विमानतळावर एक तोंडी परीक्षा झाली. परीक्षार्थी माझे वडील, निवृत्त संस्कृत शिक्षक. परीक्षक त्यांची नात ईरा, वय अकरा, बेसबॉलवेडी.

बाबा भारतातून आले तेव्हा तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये पहिले पंधरा दिवस दोघांना बोलायला विषयच नव्हता. मग बाबांनी तिला डबलच्या मानकऱ्यांची यादी घोकताना ऐकलं. एका फटक्यात दुसरा बेस गाठला की तो डबल. हंगामात सर्वाधिक डबल मारणारा तो त्या वर्षाचा मानकरी. "अशानं पाठ होत नाही, आवर्तनं कर," म्हणत बाबा स्वतःच मांडी घालून बसले. रोज संध्याकाळी दोघं अमेरिकन नावं 'रामः रामौ रामाः'च्या चालीत म्हणत.

आज खिशातला पासपोर्ट घरभर शोधणाऱ्या बाबांनी इमिग्रेशनच्या दारात दहा वर्षांचे मानकरी घडाघडा म्हटले.

"वन राँग, आजोबा," ईरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "मस्ट कम बॅक अँड लर्न, लाह."

"येतो हो, बाई," बाबा म्हणाले आणि पटकन वळले.

परतताना एमआरटी मेट्रोत मी विचारलं, "कोणता चुकला गं?"

"एकही नाही," ती खिडकीकडे बघत म्हणाली.

मी चार वर्षं नुसतं "बाबा, या ना" म्हणत होतो. तुम्ही काय सांगून बोलावता?